पेरू, द्राक्ष की डाळिंब? बिनसाखरेचा जॅम करण्याआधी

सोलापुरात फळांना तोटा नाही. थंडीत पेरू, फेब्रुवारीपासून द्राक्षं, डाळिंब तर बहार बदलत जवळजवळ वर्षभर. त्यामुळे घरी बिनसाखरेचा जॅम करायचा तर प्रश्न फळ मिळण्याचा नसतो, कोणतं घ्यायचं आणि ते घट्ट कशानं करायचं याचा असतो. तीन फळं आणि तीन रीती इथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. आमचा कौल पेरूला आहे.

आधी साखर जॅममध्ये काय काम करते ते पाहू. गोडवा हे तिचं एक काम. दुसरं म्हणजे ती फळातलं पाणी धरून ठेवते, म्हणून बाजारातला जॅम बाहेर राहिला तरी लवकर बुरशी धरत नाही. तिसरं, फळातलं पेक्टिन (जॅमला घट्टपणा देणारा घटक) नेहमीच्या पद्धतीनं जमायला भरपूर साखर आणि आंबटपणा दोन्ही लागतं. साखर काढली की ही तिन्ही कामं अडतात. गोडवा फळ पिकलेलं असलं की भागतो. घट्टपणा आणि टिकाऊपणाची सोय मात्र वेगळी करावी लागते. गूळ किंवा मध घालून त्याला बिनसाखरेचा म्हणण्यात अर्थ नाही, शरीराच्या हिशेबात ती साखरच.

पेरू, नुसता आटवून

पेरूत पेक्टिन मुळातच भरपूर, म्हणून बाहेरून काहीच घालावं लागत नाही. एक किलो घ्यायचे तर पाऊण किलो चांगले पिकलेले, वास सुटलेले आणि पाव किलो जरा कडक. कडक पेरूत पेक्टिन जास्त असतं, पिकलेल्यात गोडी. सगळेच मऊ घेतले तर जॅम गोड होतो पण ढिला राहतो.

साल न काढता फोडी करा, लगेच एका लिंबाचा रस चोळा, नाहीतर फोडी काळ्या पडतात. एक वाटी पाणी घालून कुकरला दोन शिट्ट्या. वाफ गेली की बारीक जाळीच्या चाळणीवर वाटीच्या बुडानं घासून गर काढा. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे पुरणयंत्र. त्याच्या भोकांतून बिया खाली उतरतात. दुसरी म्हणजे मिक्सर. बी फुटते आणि जॅम कायमचा कचकचीत होतो, मग कितीही गाळा.

साधारण सातशे ग्रॅम गर निघतो. तो पसरट स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा, चिमूटभर मीठ आणि आणखी एक चमचा लिंबाचा रस घाला. दहा मिनिटांनी तो रटरटायला लागतो आणि गरम शिंतोडे मनगटापर्यंत उडतात. तेव्हा आच कमी करून लांब दांड्याच्या लाकडी उलथन्यानं तळ खरवडत राहा. पाऊण तासात चारशे ते साडेचारशे ग्रॅमवर येतो. साखरेच्या जॅमसाठी सांगतात ते १०५ अंशांचं माप इथे लागू पडत नाही, साखरच नसल्यानं तापमान तिथवर चढत नाही. फ्रीझरमध्ये थंड केलेल्या ताटलीत अर्धा चमचा टाका, मिनिटभरानं बोटानं रेघ ओढा. रेघ तशीच राहिली आणि कडेला पाणी सुटलं नाही की उतरवा. पाणी सुटलं तर अजून पाच मिनिटं.

द्राक्षं आणि बेदाणे

सर्वांत गोड जॅम हाच, मुलांना आवडणाराही हाच. द्राक्षांत पेक्टिन कमी आणि पाणी ८० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे नुसतं आटवत बसलात तर शेवटी पाक हाती लागतो, जॅम नाही. म्हणून एक किलो बिनबियांच्या द्राक्षांना दीडशे ग्रॅम बेदाणे आणि एक कडक पेरू सालीसकट किसून. सोनाका चालेल (हा वाण आपल्याच नान्नजचा), थॉमसन चालेल. काळी घेतलीत तर रंग सुरेख येतो.

द्राक्षं मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून दोनदा धुवा. बेदाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि ते पाणी टाकून द्या. पिवळेधमक बेदाणे बहुतेक वेळा गंधकाची धुरी दिलेले असतात आणि तो वास जॅममध्ये जास्तच जाणवतो. काळे बेदाणे त्यापेक्षा बरे. द्राक्षं दाबून फोडून, किसलेला पेरू घालून मोठ्या आचेवर अर्धी होईपर्यंत आटवा, मग भिजलेले बेदाणे वाटून त्यांची पेस्ट घाला. ती घातल्यावर करपायला दोन मिनिटं पुरतात, तेव्हा आच अगदी मंद आणि हात चालू. सहाशे ग्रॅमपर्यंत जॅम होतो.

डाळिंब आणि चिया

सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, देशाचं डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे. म्हणून जॅमही डाळिंबाचाच जमेल असं नाही. रसात पेक्टिन नसल्यातच जमा. जास्त आटवला तर तांबडा रंग जाऊन तपकिरी होतो आणि आंबट-तुरट काकवी तयार होते.

त्यापेक्षा भगवा वाणाच्या एक किलो डाळिंबांचे दाणे काढा (पांढरा पापुद्रा एकही नको, कडवटपणा तिथून येतो), मिक्सर दोन-तीनदा फक्त झटका देऊन थांबवा, गाळा. चारशे मिलिलिटर रस मिळेल. तो अडीचशेवर आणा, कोमट झाल्यावर अडीच मोठे चमचे चियाच्या बिया घालून ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा ढवळा, नाहीतर तळाशी गोळा होतो. चार तास फ्रिजमध्ये ठेवा. सब्जा फुगतो, पण त्याचा दाणा सुटा राहतो, जॅमसारखं अंग येत नाही. अॅल्युमिनियमचं किंवा लोखंडी भांडं नको, आंबट रसानं धातूची चव उतरते आणि रंगही बिघडतो.

हा दिसायला सगळ्यांत देखणा. पण पोळीच्या गुंडाळीत घालून डब्यात दिला तर दुपारपर्यंत पोळी ओली. दह्यावर किंवा नाचणीच्या खिरीवर घालायला मात्र छान.

साखरेचा हिशेब

मधुमेह असलेल्या माणसासाठी करणार असाल तर हा भाग नीट वाचा. "साखर न घातलेला" आणि "साखर नसलेला" यांत फरक आहे. पाणी आटतं, फळातली साखर तिथेच राहते. वीस ग्रॅमच्या एका चमच्यात पेरूच्या जॅममधून साधारण तीन ग्रॅम साखर जाते, डाळिंबाच्या चिया-जॅममधून चारेक ग्रॅम आणि द्राक्ष-बेदाण्यातून आठ-नऊ. बाजारच्या जॅमच्या चमच्यात तेरा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे बेदाण्याचा जॅम बाजारच्यापासून फार लांब नाही. खजूर वाटून घातला तरी गणित तेच. साखर कमी करणं हाच हेतू असेल तर इथेच निवड संपते.

टिकण्याच्या बाबतीत पेरू फ्रिजमध्ये दोन ते तीन आठवडे, द्राक्ष दहा-बारा दिवस, चियाचा पाच-सहा दिवस. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा यातला एकही जॅम ओट्यावर एक दिवसही ठेवू नका. आंबूस वास, झाकण उघडताना फुस्स आवाज किंवा बुडबुडे दिसले की सगळा टाका, वरचा थर काढून खाऊ नका. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या छोट्या काचेच्या बाटल्या दहा मिनिटं उकळून, पूर्ण वाळवून भरा. एक उघडी, बाकी फ्रीझरमध्ये. तिथे चार-पाच महिने राहतो, फक्त वर बोटभर जागा सोडा, गोठताना फुगून काच तडकते.

बार्शीकडची सीताफळं मोहात पाडतील, पण त्यांच्या वाटेला जाऊ नका. गर तापवला की कडू होतो. चिकू आणि पपईत आंबटपणा फार कमी, किलोला दोन लिंबं घातली तरी चव सपक राहते. आणि लक्ष्मी मंडईत संध्याकाळी स्वस्तात निघणारे डागाळलेले पेरू घ्यायला हरकत नाही, मात्र डाग सालीपुरता असावा. कापल्यावर आत तपकिरी रेघ किंवा अळीची वाट दिसली तर ती फोड नाही, अख्खं फळ बाजूला.