व्हेनिसची पायी टूर: पंचवीस माणसं, भोंगा बंद

माझा डावा कान जवळजवळ कामातून गेलाय. त्यामुळे गाइडेड टूरमध्ये गाइडला इतिहास किती येतो हे मी नंतर बघते, आधी त्याचं बोलणं मला ऐकू येतंय का ते बघते. हा रिव्ह्यू त्याच कानाने लिहिलाय असं समजा. इतरांनी पाचपैकी पाच तारे दिलेत, मी साडेतीन देतेय. कापलेला दीड तारा गाइडचा नाही, कंपनीचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच प्रकार तिथे आणखी कोणी करत नसेल याची मला खात्री नाही.

आधी नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. २०२४ च्या उन्हाळ्यापासून व्हेनिसमध्ये गाइडच्या गटात जास्तीत जास्त २५ माणसं चालतात, म्हणजे साधारण अर्धी बस. लाउडस्पीकर बंद. अरुंद गल्लीत, पुलावर किंवा लोकांच्या जाण्यायेण्याच्या बोळात गट थांबवून माहिती सांगायची नाही. मोडलं तर २५ ते ५०० युरो दंड. मुरानो, बुरानो, तोर्चेल्लो या बेटांवरही हेच. जुन्या शहरात आता पन्नास हजारही रहिवासी उरलेले नाहीत. त्यांना घरातून दुकानापर्यंत जायलाही त्याच गल्ल्या, त्यामुळे नियम कोणासाठी केला हे वेगळं सांगायला नको.

रिआल्तो पुलाजवळ कांपो सान बार्तोलोमेओ नावाचा चौक आहे. तिथे नाटककार गोल्दोनीचा पुतळा आहे, त्याच्या पायथ्याशी आम्ही जमलो. गाइडबाईंच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र होतं. त्यांनी प्रत्येकाला एक छोटा रिसीव्हर आणि कानात अडकवायचा एकच हूक दिला. हूक फिरवून उजव्या कानाला लावता येतो, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच दाखवलं. तिथेच त्यांना अर्धा तारा मिळाला.

भोंगाबंदीमुळे हे हेडसेट आता सगळीकडे दिसतात, आणि माझ्यासारखीला ही लॉटरीच आहे. पूर्वी गटात पुढे घुसून, मान वाकडी करून ऐकावं लागायचं. इथे मी सगळ्यात मागे रेंगाळत होते, तरी बाई कानाशी बसून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. मात्र व्हेनिसच्या भिंती जाड आणि वळणं काटकोनी. बाई कोपऱ्यावरून वळल्या की आधी खरखर, मग शांतता. खरखर सुरू झाली की पाय उचलायचे, एवढं कळलं तर हरवायची भीती नाही. माझ्या नवऱ्याला ते बऱ्याच उशिरा कळलं. तो एका मुखवट्यांच्या दुकानासमोर खरखर ऐकत उभा होता.

खरी मजा गल्लीत थांबता न येण्यात आहे. मार्को पोलोच्या घराण्याची घरं जिथे होती असं मानतात, त्या कोर्ते देल मिलिओन भागात जायला घरांखालून जाणारे बुटके बोळ आहेत. तिकडे वळण्याआधीच बाई मोकळ्या जागेत थांबल्या आणि सगळी गोष्ट तिथेच सांगितली: पोलो १२९५ मध्ये चीनहून परतला, तोवर इतकी वर्षं लोटली होती वगैरे. मग म्हणाल्या, "आता मी बोलणार नाही. आत गेल्यावर वर बघा, कमानीवर कोरलेले प्राणी दिसतील. किती दिसले ते बाहेर आल्यावर सांगा." सगळे तोंड मिटून, माना वर करून चालायला लागले. समोरून एक आजी चाकांची पिशवी ओढत आल्या. "पेर्मेस्सो", म्हणजे 'जरा जाऊ द्या', म्हणाल्या आणि आमचा अख्खा गट भिंतीला चिकटला. त्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला हे फार आवडलं. आपण त्यांच्या जिन्यात उभं राहून गप्पा मारतोय असं एकदाही वाटलं नाही.

याची किंमतही आहे, तीही सांगते. सांता मारिया देई मिराकोली हे संगमरवराने मढवलेलं छोटं चर्च आहे, पंधराव्या शतकाच्या शेवटचं, पिएत्रो लोंबार्दोने बांधलेलं. त्याच्या एका भिंतीला लागून थेट कालवा. ही भिंत नीट दिसते ती पुलावरून, आणि पुलावर गटाला थांबता येत नाही. बाईंनी पुलाच्या अलीकडे सगळं समजावलं, मग आम्ही एकेक करून न थांबता पूल ओलांडला. फोटो हलले. टूर संपल्यावर मी एकटी परत गेले आणि हवा तेवढा वेळ उभी राहिले. एकट्या माणसाला कोण अडवणार? टूरमध्ये सगळं बघून संपवायचं असेल तर हा नियम खुपेल. कुठे परत यायचं ते कळावं म्हणून टूर घेत असाल तर काही बिघडत नाही.

आता दीड ताऱ्याबद्दल.

सांती जोवान्नी ए पाओलो चौकात कोल्लेओनीचा घोड्यावरचा पुतळा आहे. बार्तोलोमेओ कोल्लेओनी हा व्हेनिसचा भाडोत्री सेनापती, १४७५ मध्ये वारला. पैसा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाला देऊन गेला, पण अट घालून: माझा पुतळा सान मार्कोसमोर उभा करा. सान मार्कोचा चौक म्हणजे सत्तेचं आवार, तिथे कोणा एकाचा पुतळा सरकारला नको होता आणि पैसा तर हवा होता. मग त्यांनी पुतळा उभारला तो स्कुओला ग्रांदे दी सान मार्को या संस्थेच्या इमारतीसमोर. सान मार्को हे नाव आलं, अट पाळली. पुतळ्याची घडण वेरोक्कियो या शिल्पकाराची. तो मध्येच वारला, ओतकाम दुसऱ्याने पुरं केलं आणि १४९६ मध्ये पुतळा लोकांसमोर आला. मागच्या त्या इमारतीत आता शहराचं इस्पितळ आहे.

बाई हे रंगवून सांगत होत्या, सगळे हसत होते, आणि माझ्या कानात मध्येच दुसऱ्या एका बाईचा आवाज घुसला. तीही कोल्लेओनीच सांगत होती, फक्त चार वाक्यं मागे. वळून पाहिलं तर त्याच रंगाच्या गळपट्ट्या घातलेला दुसरा गट. त्याच कंपनीचा, आमच्यामागून लगेच निघालेला, आणि वाटेत कुठेतरी आम्हाला येऊन मिळालेला. पंचवीस आम्ही, पंचवीस ते. कागदावर दोन गट, चौकात पन्नास माणसं. कोल्लेओनीला ज्या युक्तीने गुंडाळलं, तीच युक्ती त्याच्याच पुतळ्याखाली. पुढच्या बोळात तर दोन्ही गटांची मिळून एक लांबलचक शेपूट झाली. मघाशी आजी गेल्या तसं कोणी गेलं नसतं. बाईंनी चॅनेल बदलून दिला, माफीही मागितली. कंपनीने मात्र माझ्या मेलला उत्तर दिलं की आमचे सर्व गट मर्यादेत असतात. असतात की!

ॲमस्टरडॅममध्ये मर्यादा १५ ची आहे, आणि २०२० पासून तिथल्या लाल दिव्याच्या वस्तीत, देहविक्री करणाऱ्या बायका बसतात त्या खिडक्यांसमोरून, गट न्यायलाच बंदी आहे. पंधरांचे दोन गट चिकटले तरी तीसच होतात, म्हणून मला लहान आकडा जास्त भरवशाचा वाटतो.

परवान्याचं काय, असं एका मैत्रिणीने विचारलं. इटलीत परवान्याशिवाय गाइडचं काम करता येत नाही. अमेरिकेत मात्र यावर कोर्टबाजी झाली: २०१४ मध्ये वॉशिंग्टनची गाइड परीक्षा अपील कोर्टाने रद्द ठरवली, बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर, आणि त्याच वर्षी दुसऱ्या अपील कोर्टाने न्यू ऑर्लिन्सचा परवाना कायम ठेवला. चार्ल्सटन शहराचा परवाना मात्र २०१८ मध्ये कोर्टात रद्द झाला. माझं म्हणणं सोपं आहे. गाइडने काय बोलावं यात नगरपालिकेने फार पडू नये, पण कुठे उभं राहावं, किती जणांना घेऊन आणि किती आवाजात, यात जरूर पडावं. आमच्या बाई चांगल्या होत्या त्या गळ्यातल्या कार्डामुळे नव्हे. पण बोळात त्या गप्प राहिल्या, त्यात नियमाचा वाटा नक्की होता.

जाणार असाल तर सकाळची लवकरची वेळ घ्या. हूक कानाला टोचतो, आपले इअरफोन न्या. आमच्या रिसीव्हरला साधी पिन चालत होती. आणि बुकिंग करताना गटात किती माणसं असतात हे विचारत बसू नका, उत्तर पंचवीसच येणार. त्याच वेळेला, त्याच वाटेवर तुमचे किती गट निघतात, ते विचारा.