ब्रँडी स्टेशन की ट्रेव्हिलियन स्टेशन?

भाचीला अमेरिकन यादवी युद्धातली घोडदळाची एकच लढाई वर्गात मांडायचीय. दोन्ही व्हर्जिनियातल्याच, म्हणून अडलीय.

पसारा ब्रँडी स्टेशनचा मोठा. ९ जून १८६३, दोन्हीकडचे मिळून सुमारे २० हजार. आदल्याच दिवशी दक्षिणेच्या घोडदळाचा सेनापती स्टुअर्टने थाटात संचलन केलेलं, आणि पहाटे उत्तरेच्या प्लेझंटनचे स्वार नदी ओलांडून अंगावर! फ्लीटवूड टेकडीवर तलवारींची खणाखणी. टेकडी स्टुअर्टने राखली, पण अब्रू गेलीच.

ट्रेव्हिलियनला (११-१२ जून १८६४) उत्तरेचा सेनानी कस्टर चहूबाजूंनी कोंडला गेला, बायकोची पत्रंसुद्धा शत्रूच्या हाती पडली. दुसऱ्या दिवशी मात्र बरीचशी लढाई पायउतार होऊन, कार्बाइनने (आखूड बंदुकीने). निकाल सरळ: दक्षिणेच्या हॅम्प्टनने उत्तरेच्या शेरिडनला परतवलं. नकाशाही सोपा, रेल्वेमार्ग धरला की झालं.

दहाच मिनिटं मिळणार असतील तर हीच घे. घोडे-तलवारी रंगवायच्या असतील तर ब्रँडी.