बेन पोलॅक यांचा गेम थिअरीचा वर्ग: मोफत आहे, पण वही घेऊन बसा

येल विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक बेन पोलॅक यांचा गेम थिअरीचा (आपला फायदा इतरांच्या निवडीवरही अवलंबून असतो तिथे निर्णय कसा घ्यायचा, याचा) अभ्यासक्रम ‘ओपन येल कोर्सेस’वर मोफत आहे. 2007 मध्ये भर वर्गात चित्रित केलेले 24 तासिका, प्रत्येक साधारण सव्वा तासाची. मी अकरावी-बारावी कॉमर्सला अर्थशास्त्र शिकवतो. माझ्याकडून पाचपैकी पाच तारे.

पोलॅक आधी डाव मांडतात, सिद्धान्त मागाहून येतो. पहिल्या तासाच्या शेवटी प्रत्येकाने 1 ते 100 मधला एक आकडा लिहून द्यायचा. सरासरीच्या दोन-तृतीयांशाच्या सर्वांत जवळ जाईल तो जिंकला. पुढच्या तासाला फळ्यावर उलगडा होतो. सगळ्यांनी 100 लिहिले तरी दोन-तृतीयांश होतात 67, मग 67 च्या वर कुणी का लिहावं? कुणीच लिहिणार नसेल, तर 45 च्या वर तरी का? असं उतरत उतरत उत्तर 1 वर येतं. वर्गाची सरासरी मात्र 13 च्या आसपास निघाली आणि जिंकला 9 हा आकडा! तर्क शेवटपर्यंत नेऊन 1 लिहिणारा इथे हरतो, कारण बाकीचे तिथवर आलेलेच नसतात. हाच खेळ मी माझ्या वर्गात घेतला, तेव्हा सरासरी 50 धरून 33 बरोबर, की सगळेच 33 लिहितील म्हणून 22, यावर मागच्या बाकांवरही वाद पेटला.

चुकीच्या उत्तराला पोलॅक हसत नाहीत, त्यातूनच पुढची पायरी काढतात. आणि समोरच्याला नेमकं काय हवंय हे ठरल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. फक्त स्वतःचे मार्क बघणारा आणि दुसऱ्याचं नुकसान केल्याचं मनाला लागणारा, दोघांसाठी एकच खेळ वेगळा होतो, हे ते पहिल्याच तासाला दाखवतात. त्यांचं संशोधनही याच वाटेवरचं आहे: आपण समाजात कोणाच्या जागी असू हे माहीत नसलेल्या निःपक्ष माणसाने निवड कशी करावी, यावर सहलेखकांबरोबरचा त्यांचा निबंध 2010 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या अर्थशास्त्राच्या संशोधनपत्रिकेत आला. इतका हाडाचा शिक्षक 2013 ते 2020 प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराचा प्रमुख) म्हणून विद्यापीठाच्या कारभारात गुंतला, याची मला खरंच हळहळ वाटते.

चौथ्या तासाच्या सुमारास कलनशास्त्र (कॅल्क्युलस) लागतं. बारावीला गणित नसेल तर तिथे थांबून अवकलन शिकून घ्या, ढकलत पुढे जाऊ नका. इंग्रजी झपाट्याचं आहे, पण प्रत्येक तासाची लेखी संहिता मिळते. स्वाध्याय आणि त्यांची उत्तरंही आहेत. प्रमाणपत्र नाही.

वेळ कमी असेल तर पहिले दोन तास बघा आणि मग 13 ते 16 सलग. भुकेल्या सिंहांच्या कोड्यापासून एकमेकांच्या दिशेने चालत ओला स्पंज फेकण्याच्या द्वंद्वापर्यंत, शेवटाकडून मागे विचार कसा करायचा ते या चार तासांत आहे. स्पंज कधी फेकायचा, याचं उत्तर ऐकण्याआधी व्हिडिओ थांबवून स्वतः सोडवा.