दोहा ट्रान्झिट: दोन तास दहा मिनिटं, आई आणि पिवळं अस्वल

आईला घेऊन दादाकडे पिट्सबर्गला गेले, तिकीट मुंबई-दोहा-फिलाडेल्फिया-पिट्सबर्ग आणि दोह्यात मध्ये फक्त दोन तास दहा मिनिटं. आईचे गुडघे आठवून माझा जीव खालीवर होत होता, पण खरं सांगते, हमद एअरपोर्टइतकं सोपं विमान बदलणं मला आजवर कुठे जमलेलं नाही.

सगळं एकाच टर्मिनलमध्ये आहे हो. बाहेर पडायचं नाही, टर्मिनल बदलायची बस नाही, एक सिक्युरिटी झाली की त्या भल्यामोठ्या पिवळ्या अस्वलापाशी येता आणि तिथून गेटांकडे. अस्वल बघून आई म्हणाली, "डोक्यावर दिवा कशाला लादलाय बिचाऱ्याच्या?" काय सांगणार!

यातली खरी गंमत वेळांची. आपल्याकडची विमानं एकामागोमाग येऊन टेकतात, माणसं इकडून तिकडे पळतात आणि दोनेक तासात युरोप-अमेरिकेची विमानं भरून सुटतात. मनमाड बघायला कोण जातं, गाडी बदलायला जातात, तसंच हे विमानांचं मनमाड, फक्त इथे गाड्या एकमेकींच्या वेळा सांभाळतात आणि फरशी चकचकीत. कतारची लोकसंख्या जेमतेम ३० लाख आणि २०२४ मध्ये या एअरपोर्टवरून ५ कोटींच्या वर लोक गेले! मुंबईचाही आकडा साधारण तेवढाच, पण आपल्याकडे बहुतेकांना मुंबईलाच यायचं असतं किंवा मुंबईहूनच निघायचं असतं. शिवाय आपले दोन रनवे एकमेकांना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालतो, टी-१ आणि टी-२ वेगवेगळ्या टोकांना, आणि आता नवी मुंबई सुरू झालंय म्हणजे एक विमान पनवेलकडे उतरलं नि दुसरं सहारहून असलं की बसा टॅक्सीत.

पण नुसता एअरपोर्ट चांगला बांधून भागत नाही, हे दादाचं गाव बघून कळतं. पिट्सबर्गला १९९२ मध्ये यूएस एअरसाठी झकास टर्मिनल बांधलं, एक्स आकाराचं, गेट बदलायला सोपं. पुढे तीच एअरलाईन दिवाळखोरीत, गावचे स्वतःचे पॅसेंजर तसे कमी, आणि फिलाडेल्फिया हा त्यांचाच दुसरा हब, म्हणजे विमानं बदलायचा अड्डा, जवळ, मग २००४ मध्ये पिट्सबर्गचा हब गुंडाळला. म्हणून तर आम्ही तीन विमानं करून पोचलो.

दोहा पण एकाच एअरलाईनच्या, कतार एअरवेजच्या, जिवावर आहे, फरक एवढाच की तिच्यामागे सरकार उभं आहे. २०१७ मध्ये सौदी, यूएई, बहरीनने कतारच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं तेव्हा इराणवरून वळसे घालत २०२१ पर्यंत काढले त्यांनी. दुसऱ्या कुठल्या एअरलाईनने कधीच दुकान आवरलं असतं.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा कापला तो या एकखांबी तंबूसाठी. वयस्कर माणूस बरोबर असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा आणि मध्ये तीन तास तरी ठेवा, आईला अस्वलासोबत अजून दोन फोटो हवे होते ते राहिले, आता परतीच्या वेळी.