आरओ फिल्टर, दिवाळीपासून आतापर्यंत: मशीन चांगलं आहे, पण मागची ती नळी बघा

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला फिल्टर आहे. आठ लिटरची टाकी, आरओ (बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणं), यूव्ही (जंतू मारणारा प्रकाश), मिनरल कार्ट्रिज, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर. या किमतीत सगळेच हे देतात, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. माझी तक्रार मिटलेली आहे, आणि मला जे सांगायचंय ते घरोघरच्या बहुतेक आरओंना लागू पडतं.

आधी आमच्या पाण्याबद्दल, कारण त्याशिवाय फिल्टरबद्दल काहीही बोलण्यात अर्थ नाही. आम्ही पुनावळ्यात राहतो. महापालिकेचं पाणी पवना धरणाचं, दिवसाआड येणारं. आमच्या बिल्डिंगमध्ये स्वयंपाकघरातल्या एका नळाला पिण्याच्या पाण्याची वेगळी लाइन आहे. पावसाळ्यापासून साधारण मार्चपर्यंत त्या लाइनला पालिकेचंच पाणी असतं. एप्रिल लागला की ते पुरत नाही आणि त्याच टाकीत टँकर ओततात. टँकरचं पाणी बोअरचं. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. आरओ घेतला तो या तीन महिन्यांसाठी.

टीडीएस मीटर मी फिल्टरच्या आधी घेतला होता. दोनेकशे रुपयांत मिळतो. हिवाळ्यात नळाचं पाणी ११० दाखवायचं. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलीग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. म्हणजे पवनेचं पाणी क्षारांच्या बाबतीत मुळात उत्तम आहे. त्यात जंतू आहेत की नाहीत हे मीटर सांगत नाही. तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा आकडा देतो. जंतूंसाठी यूव्ही आहे, उकळणं आहे.

पहिले दोन महिने सुरळीत गेले. पाणी गोड, आवाज कमी, टाकी भरली की मशीन आपोआप बंद. माझं लक्ष मात्र पहिल्या आठवड्यापासून टाकाऊ पाणी सिंकमध्ये सोडणाऱ्या त्या बारीक नळीकडे होतं. मी मूळची लातूरची आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूर. आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मोरीत जात नसे. त्यामुळे चांगलं पाणी सतत गटारात जाताना मला बघवत नाही, आणि यापुढे जे लिहिणार आहे ते बरंचसं त्या नळीबद्दलच आहे.

एका रविवारी टाकी रिकामी केली, नळीखाली बादली ठेवली आणि मोजलं. एक लिटर शुद्ध पाणी तयार होईस्तोवर बादलीत तीन लिटर पडलं. मग त्या बादलीतल्या पाण्याचा टीडीएस घेतला. १४० च्या आसपास. पुन्हा वाचा. नळाचं पाणी ११०, प्यायचं पाणी १५, आणि 'खराब' म्हणून फेकलेलं पाणी १४०. हिशेबही बरोबर बसतो: क्षार कुठे जात नाहीत, चार लिटरमधले एका लिटरने सोडले ते बाकीच्या तीन लिटरमध्ये वाटले जातात. जे पाणी आपण टाकून देतोय ते मानकाच्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाही.

मशीनचा यात दोष नाही. मेंब्रेनवरून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या त्या पडद्यावरून, पाणी वाहतं ठेवावं लागतं, नाहीतर अडवलेले क्षार तिथेच साचून ती बसते. किती पाणी वाहायचं ते नळीवरच्या एफआरने, म्हणजे प्रवाह रोखणाऱ्या छोट्या भागाने, ठरतं. प्रश्न असा की ११० टीडीएसच्या पाण्याला हा सगळा खटाटोप कशासाठी? चौघांचं पिणं आणि स्वयंपाक धरून आमचं रोजचं पाणी वीस लिटर. म्हणजे साठ लिटर नळीत. आमच्या सोसायटीत दीडशेच्या वर फ्लॅट आहेत. सगळ्यांनी आरओ लावला तर रोज नऊ हजार लिटर. टँकर दहा हजार लिटरचा येतो. उन्हाळ्यात ज्या सोसायटीने दर फ्लॅटमागे टँकरची वर्गणी काढली, तीच रोज जवळपास एक टँकर मोरीत ओतते.

हे काही फक्त माझ्याच डोक्यात आलेलं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी तिथे आरओ वापरू देऊ नये, आणि जिथे वापरायचा तिथे निदान ६० टक्के पाणी हाती आलं पाहिजे. माझ्या मशीनमध्ये २५ टक्के येतं. बॉक्सवर हा आकडा कुठे नाही, माहितीपत्रकात नाही, दुकानातल्या मुलालाही ठाऊक नव्हता. फ्रिजवर जसे विजेचे तारे असतात तसं फिल्टरवर 'एका लिटरमागे इतकं पाणी जाईल' हे ठळक छापलं पाहिजे.

उलट विकताना काय दाखवतात? सोसायटीच्या लॉबीत एकदा एक विक्रेता दोन ग्लास घेऊन बसला होता. एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हीत त्याने पिन घातल्या आणि स्विच दाबला. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, मग काळपट, वर घाणीचा तवंग. आरओचं तसंच स्वच्छ. शेजारच्या काकू घाबरून म्हणाल्या, "अगं, हे पितो आपण?" मी घरातून चिमूटभर मीठ आणलं आणि म्हटलं, "दादा, हे आरओच्या ग्लासात टाका आणि पुन्हा लावा." तो नको नको म्हणत होता, पण चारजण उभे होते. आरओचं पाणीही तसंच काळं झालं. तो गाळ पाण्यातला नसतोच, पिनच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि पिन झिजते. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून काही होत नाही. काकूंना मी हे समजावून सांगितलं तरी त्यांनी पुढच्या आठवड्यात मशीन घेतलंच. तो काळा ग्लास डोळ्यांपुढून जात नाही, असं त्या म्हणाल्या.

आता बिघाडाबद्दल. फेब्रुवारीत एका रात्री सिंकखालून पाणी वाहण्याचा आवाज येत होता. टाकी भरलेली, मशीन बंद, दिवा विझलेला, आणि नळीतून पाणी चालूच. खाली पातेलं ठेवलं, सकाळी ते भरून वाहत होतं. माहितीसाठी: मशीन बंद असताना पाणी अडवण्याचं काम एसव्ही नावाच्या छोट्या व्हॉल्व्हचं. त्यात कचरा अडकला किंवा तो निकामी झाला की पाणी थांबत नाही. दुकानात तो दोन-अडीचशे रुपयांना मिळतो.

कंपनीचा तंत्रज्ञ आला. मीटर घातला आणि म्हणाला, "ताई, मेंब्रेन गेलंय. बदलावं लागेल."
"दादा, शुद्ध पाणी पंधरा दाखवतंय. मेंब्रेन गेलं असतं तर आकडा वर चढला असता ना?"
"चोक झालंय. म्हणून वेस्ट जास्त जातंय."
"मशीन बंद आहे. स्विच बघा. तरी पाणी चाललंय. मेंब्रेनचा काय संबंध?"
त्यावर तो फोनमध्ये बघून म्हणाला, "सिस्टिममध्ये मेंब्रेनच येतंय. अठ्ठावीसशे होतील. वर्षाचा करार घेतलात तर पंचेचाळीसशेत मेंब्रेन, फिल्टर, सर्व्हिस सगळं त्यात."

मी नाही म्हटलं. वॉरंटीचं कार्ड पुढे ठेवलं, त्यात पंप, अ‍ॅडॉप्टर आणि एसव्ही एक वर्ष असं स्पष्ट लिहिलंय. तो निघून गेला आणि संध्याकाळी मेसेज आला की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. त्या मेसेजने माझं डोकं खरंच फिरलं. मुलगा वाईट नव्हता, त्याच्यावर करार विकायचं टार्गेट असणार. पण पाणी वाहतंय आणि कागदावर काम झालंय, हे मला सहन झालं नाही. मशीनच्या आधीचा नळ बंद ठेवून आम्ही दिवस काढले, गरज लागेल तेव्हाच उघडायचा.

मग १९१५ ला फोन केला. ही केंद्र सरकारची ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. बिलाचा फोटो, वॉरंटी कार्ड आणि बंद मशीनमधून पाणी पडतानाचा छोटा व्हिडिओ दिला. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि 'सोडवली' असा मेसेज टाकून ती परस्पर मिटत नाही. आठवड्याच्या आत कंपनीतून फोन आला आणि दुसरे तंत्रज्ञ आले, जरा वयस्कर. मी बोलायच्या आधीच त्यांनी नळी हातात धरली, मशीन बंद केलं, बघितलं आणि एसव्ही काढला. पैसे नाहीत.

समजा तेही झालं नसतं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे गेले असते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. अठ्ठावीसशे रुपयांसाठी कोण जाईल, असं सगळे म्हणतात, आणि त्याच भरवशावर अठ्ठावीसशे मागितले जातात. बिल आणि कार्ड जपून ठेवा. फोनवर जे बोलणं होईल ते त्याच दिवशी ईमेलवर लिहून पाठवा.

त्या दुसऱ्या तंत्रज्ञांनी जाता जाता आणखी एक काम केलं. टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद होता, तो थोडा उघडून दिला. त्यामुळे काही पाणी मेंब्रेनमधून न जाता नुसतं यूव्हीमधून येऊन मिसळतं. प्यायचं पाणी १५ वरून ६० वर आलं, चव जास्त चांगली झाली, आणि मेंब्रेनमधून कमी पाणी जातं म्हणून वेस्टही घटलं. बसवताना हे कोणी केलं नव्हतं. तुमच्याकडे पालिकेचं पाणी असेल तर आजच करून घ्या.

हा अनुभव मार्चमध्ये लिहिला असता तर 'घेऊ नका' असं लिहिलं असतं. मग एप्रिल आला. टँकर सुरू झाल्यावर त्याच नळाला ६४० दाखवायला लागलं. टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू पुन्हा बंद केला, आणि मशीनने खरोखर काम केलं. शुद्ध पाणी ६० च्या आसपास. पातेल्याच्या तळाला पांढरा थर नाही, चहावर तवंग नाही. तूरडाळ नळाच्या पाण्यात कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणा राहायचा, फिल्टरच्या पाण्यात नेहमीसारखी शिजली. सासूबाईंना टँकरच्या पाण्याची चव अजिबात चालत नाही, त्या उन्हाळाभर पाणी नीट प्यायल्या, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं. त्या महिन्यांसाठी मशीनला पूर्ण गुण.

वेस्टचा टीडीएस मात्र तेव्हा ८०० च्या वर गेला. म्हणून आता आमच्याकडे दोन पद्धती आहेत. नळीला प्लंबरकडून लांब पाइप जोडून घेतलाय, तो बाल्कनीतल्या ड्रममध्ये जातो. पालिकेचं पाणी असताना ड्रममधलं कपड्यांना, फरशीला, कुंड्यांनाही. टँकर असताना फक्त संडासाला आणि बाल्कनी धुवायला, कुंड्यांना थेंबही नाही, क्षार मातीत साठत जातात. पाइप फार वर उचलू नका, नळीवर उलटा दाब येतो.

पावसाळ्यात वेगळाच प्रकार. टीडीएस पुन्हा खाली, पण पाणी गढूळ. जुलैत मशीनच्या आधी बसवलेला, गाळ अडवणारा पांढरा स्पन फिल्टर उघडला तर चॉकलेटी झालेला आणि बोटाला चिकटणारा गाळ. या दिवसांत खरी गरज स्पन आणि यूव्हीची. स्पन शंभरच्या आत मिळतो आणि घरी बदलता येतो: नळ बंद, फिल्टरचं भांडं चावीने फिरवून उघडायचं, जुना काढायचा, नवा सरळ बसवायचा, रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघायचं. यासाठी माणूस बोलवायची गरज नाही.

आता विकत घ्यायचा असेल तर मी हाच घेईन का? आमच्या बिल्डिंगमध्ये, टँकरचे तीन महिने धरून, हो. बहिणीकडे चिंचवडला बारा महिने पालिकेचंच पाणी येतं, तिला मी आरओ घेऊ दिला नाही, साधा यूव्ही घ्यायला लावला. तिच्याकडे नासाडीची नळीच नाही आणि पैसेही निम्मे लागले. लातूरला आईकडे बोअरचं पाणी आहे, तिथे आरओ लागेल, पण पाइप आणि ड्रमची सोय आधी करायची असं ठरलंय.

वॉरंटी दिवाळीत संपतेय आणि कराराचे फोन आत्तापासून सुरू झालेत. करार घेणार नाही. स्पन मी बदलते, मशीनच्या आतले कार्बन आणि सेडिमेंट फिल्टर वर्षातून एकदा स्थानिक माणसाकडून, आणि मेंब्रेन मीटरवर शुद्ध पाण्याचा आकडा चढायला लागेल तेव्हा.