स्किन्सचा चार महिन्यांचा अनुभव: गोंदाने जूनमध्ये दगा दिला (खाली अपडेट आहे)

स्किन्स म्हणजे स्की घालून बर्फाचा चढ चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला गोंदाने चिकटवायच्या केसाळ पट्ट्या. ७० टक्के मोहेर (अंगोरा शेळीची लोकर), ३० टक्के नायलॉनवाल्या मार्चमध्ये घेतल्या. एप्रिलपर्यंत तक्रारीला जागाच नव्हती, सरकतात मस्त, चढावर पकड चांगली, गुंडाळल्या की जॅकेटच्या आत मावतात. बाकी स्पेक्समध्ये जात नाही, मला फक्त गोंदाबद्दल बोलायचंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माथा दोनेकशे मीटर राहिला असताना डावी स्किन मागून सुटली आणि बर्फावर फरफटायला लागली. उलटी करून बघितली तर गोंद कुठे दिसतच नाही, पाइनचे पिवळे पराग, गवताच्या काड्या आणि वर पाणी. बाहीने पुसली, पोटाशी धरून गरम केली, तरी चिकटेना. शेवटी स्कीचा स्ट्रॅप मागे आवळून बांधला, पण या खटाटोपात अर्धा तास गेला, आणि या दिवसांत अर्धा तास म्हणजे सगळंच. रात्री गोठलेला बर्फ उन्हाने वरून दोन-तीन सेंटिमीटर सैल होतो तेवढाच वेळ खरी मजा असते, आम्ही चालायला लागलो तोवर बूट घोट्यापर्यंत रुतत होते. अशा ओल्या बर्फात उभ्या उतारावर थांबायचं नसतं, हिमस्खलनाची भीती, म्हणून तिथूनच खाली आलो. पहाटे तीनला उठून!

विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे गोंद झिजणारी गोष्ट आहे, वॉरंटीत येत नाही. तीन मेल झाले, उत्तर तेच. नवीन गोंद लावून द्यायला नव्या जोडीच्या जवळजवळ निम्मे पैसे सांगितले, ते मी देणार नव्हतो. घरी गोंदावर तपकिरी कागद ठेवला, मंद इस्त्री फिरवली आणि कागद हळूहळू सोलून काढला, तर सगळी घाण कागदाबरोबर निघून आली, खालचा गोंद चांगला होता!

अपडेट: त्यानंतर दोनदा जाऊन आलो आणि आता राग बराच उतरलाय. हिवाळ्यात स्किन एकदा लावली की थेट माथ्यावर काढायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी मात्र बर्फाचा पट्टा, मग दगड, मग गवत, परत पट्टा, आणि मी प्रत्येक ठिकाणी स्किन सोलून घडी घालत होतो, सहा-सात वेळा तरी, म्हणजे दरवेळी गोंद उघडा पडून त्यावर कचरा. आता स्किन स्कीवरच ठेवतो आणि तशाच स्की खांद्यावर टाकतो. आल्यावर सावलीत वाळवतो, हीटरजवळ अजिबात नाही, आणि निघायच्या आधी केसांच्या दिशेने वॅक्स घासतो, नाहीतर ओली स्किन सावलीतल्या थंड बर्फावर गेली की खाली बर्फाची ढेकळं धरतात. दोन्ही वेळा माथ्यापर्यंत एकदाही सुटली नाही.

स्किन स्कीच्या मागच्या टोकाला अडकवणाऱ्या क्लिपचं रबर मात्र खरंच पातळ आहे, आत्ताच एका कडेला चिरलंय. त्याबद्दल एक स्टार कापलाय आणि तो मी परत देणार नाही.