इगतपुरीचे दहा दिवस
आयुष्य नेमके कशासाठी, या प्रश्नाचे तयार उत्तर मिळेल अशा अपेक्षेने जो इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रात १० दिवसांच्या विपश्यना ध्यानाच्या शिबिराला जाईल, त्याची निराशा होईल. पहाटे ४ च्या घंटेनंतर पहिले तीन दिवस तेथे केवळ नाकपुड्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहायला शिकवतात. पुढे तासभर न हलता बसण्याच्या बैठकीत माझ्या गुडघ्यातली कळ असह्य होईपर्यंत वाढली आणि काही न करता ओसरलीही, तेव्हा सायंकाळच्या प्रवचनातला ‘अनित्य’ हा शब्द प्रथमच अंगाला लागला. नव्या साधकांना संध्याकाळी चहा आणि फळ एवढेच मिळते. मला शिबिरात पाळाव्या लागणाऱ्या मौनापेक्षा भूकच जड गेली. शुल्क नाही, आणि दानही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच स्वीकारतात, ही व्यवस्था मला प्रवचनांहून अधिक पटली.